एका लहान फुटबॉल क्लबच्या समर्थकांची पुनर्बांधणी : प्रकल्प नोंदी

२ जून

कार्यकारिणीने आज समर्थक पुनर्बांधणीच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि समन्वयाचे काम माझ्याकडे सोपवले. प्रत्येक निर्णय कोणत्या कारणाने घेतला गेला हे पुढे कोणालाही तपासता यावे, यासाठी या नोंदी सर्व सभासदांना वाचायला खुल्या राहतील, ही माझी एकमेव अट होती आणि ती मान्य झाली.

सद्यःस्थिती अशी आहे. दोन हंगामांपूर्वी सभासदांना न विचारता क्लबचे बोधचिन्ह बदलण्यात आले आणि त्याच सुमारास गोलमागच्या स्टँडमध्ये उभे राहून सामना पाहणाऱ्या तरुण गटाला तेथून हलवण्यात आले. तरुण गटाने घरच्या सामन्यांवर बहिष्कार टाकला. जुनी समर्थक संघटना मात्र, बोधचिन्ह तिलाही आवडले नव्हते तरी, मैदानावर येत राहिली. तेव्हापासून एक बाजू दुसरीला ‘पळपुटे’ म्हणते आणि दुसरी पहिलीला ‘होयबा’ म्हणते. या दोघांच्या भांडणात एक तिसरा गट कोणाच्या ध्यानातच आला नाही. कोणतीही भूमिका न घेता, कोणाला काही न सांगता, ज्यांचे येणे हळूहळू थांबले अशा लोकांचा तो गट आहे. माझ्या अंदाजाने तोच सर्वांत मोठा आहे.

कार्यकारिणीतील एका सदस्याचे म्हणणे होते की संघ जिंकू लागला की सगळे आपोआप परत येतील. मला हे पटत नाही. वेल्समधील कार्डिफ सिटी या क्लबच्या मालकांनी २०१२ मध्ये संघाची पारंपरिक निळी जर्सी लाल केली. लाल जर्सीत खेळून संघ २०१३ मध्ये प्रीमियर लीग या सर्वोच्च साखळीत पोहोचला, म्हणजे अनेक दशकांत मिळाले नव्हते ते यश मिळाले, तरीही निळ्या रंगाची मागणी थांबली नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये क्लबला निळ्याकडे परतावे लागले. विजयाने गर्दी वाढते. ज्याला आपल्याला विचारले गेले नाही असे वाटते, त्याची तक्रार मात्र गुणतक्त्यातील स्थानाने मिटत नाही.

एकजुटीची घोषणा, पोस्टर किंवा गीत यांपैकी काहीही या प्रकल्पात केले जाणार नाही. ‘एक व्हा’ असे सांगण्याचा अधिकार ज्यांनी फूट पाडली त्यांना एवढ्यात मिळत नाही.

८ जून

ऐकण्याच्या बैठकांची पहिली फेरी आज पूर्ण झाली. दोन्ही गटांना एकत्र बसवावे की वेगवेगळे भेटावे यावर बराच विचार केला आणि वेगवेगळे भेटण्याचे ठरवले, कारण समोर विरोधक बसला असेल तर माणूस आपले दुःख सांगण्याऐवजी आपली बाजू मांडू लागतो. प्रत्येक बैठकीत कार्यकारिणीचा एक सदस्य उपस्थित राहिला. त्याने फक्त लिहून घ्यायचे, उत्तर द्यायचे नाही, असा नियम केला होता. तो पाळणे त्यांना जड गेले, पण त्यांनी तो पाळला.

बहुतेकांच्या बोलण्यात बोधचिन्हाच्या रेषांविषयी किंवा रंगाविषयी फारसे काही नव्हते. ‘आम्हाला जर्सी विक्रीला आल्यावर कळले’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाने आपल्या शब्दांत उच्चारले. तरुण गटातील एकाने सांगितले की स्टँड सोडण्याची सूचना त्यांना सामन्याच्या आदल्या दिवशी मिळाली आणि कारण विचारल्यावर सुरक्षेचा एक नियम सांगण्यात आला, जो त्यांना आजतागायत कोणी लेखी दाखवलेला नाही.

येथे इंग्लंडमधील एव्हर्टन या क्लबचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २०१३ मध्ये त्या क्लबने नवे बोधचिन्ह जाहीर केले, त्यात जुने लॅटिन बोधवाक्य वगळले होते, आणि काही दिवसांतच २० हजारांहून अधिक लोकांनी विरोधात सह्या केल्या. क्लबने माफी मागितली, समर्थकांशी सल्लामसलत करून तीन नवे पर्याय तयार केले आणि ते मतदानाला ठेवले. बोधवाक्य परत आले, निवडले गेलेले चिन्ह पुढच्या हंगामापासून वापरात आले आणि वाद शमला. येथे जुने चिन्ह जसेच्या तसे परत आले नव्हते, हे महत्त्वाचे आहे. लोकांनी एक बदल नाकारला आणि वर्षभरातच दुसरा बदल स्वीकारला. दोन्ही वेळी चिन्ह नवेच होते. फरक पडला तो विचारण्याच्या पद्धतीत.

म्हणून प्रकल्पाचा क्रम बदलत आहे. मूळ आराखड्यात बोधचिन्हाचा निर्णय सर्वांत आधी घेऊन वातावरण निवळू द्यायचे होते. आता तो सर्वांत शेवटी येईल, निर्णय कसा घ्यायचा याचे नियम सर्वांनी मिळून ठरवल्यानंतर.

१५ जून

आजची नोंद मोठी होणार आहे, कारण प्रकल्पातील सर्वांत नाजूक प्रश्नाला आज तोंड फुटले. बहिष्कारातून परत येणाऱ्यांनी आधी खेद व्यक्त करावा अशी अपेक्षा जुन्या संघटनेतील काही ज्येष्ठांनी बोलून दाखवली. पावसात, पराभवात, रिकाम्या स्टँडमध्ये आम्ही उभे होतो, असे ते म्हणाले आणि ते अक्षरशः खरे आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच खरे आहे : आम्ही तिकिटे घेत राहिलो असतो तर कार्यकारिणीने हा प्रकल्प कधीच मंजूर केला नसता.

इंग्लंडमधील बरी या क्लबची कथा मी दोन्ही गटांना सविस्तर सांगितली. १८८५ मध्ये स्थापन झालेला आणि १९०० व १९०३ मध्ये एफए कप ही चषक स्पर्धा जिंकलेला हा क्लब आर्थिक डबघाईमुळे ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आला. त्यानंतर समर्थकांपुढे दोन वाटा होत्या आणि दोन्ही प्रामाणिक होत्या. एका गटाने ‘बरी एएफसी’ हा नवा संघ उभा करून खालच्या पातळीवर, दुसऱ्या क्लबच्या मैदानावर खेळायला सुरुवात केली, कारण फुटबॉल थांबू नये असे त्यांना वाटत होते. दुसऱ्या गटाने जुने नाव आणि गिग लेन हे जुने मैदान वाचवण्यासाठी झुंज दिली आणि २०२२ मध्ये ते मैदान विकत घेतले. म्हणजे एका बाजूला मैदानाविना संघ आणि दुसऱ्या बाजूला संघाविना मैदान, अशी अवस्था झाली. २०२२ मध्ये एकत्रीकरणावर मतदान झाले तेव्हा दोन्ही संस्थांत बहुमत बाजूने होते, पण त्यांपैकी एका संस्थेत आवश्यक दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत आणि प्रस्ताव पडला. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झाले, दोन्हीकडे मोठ्या फरकाने तो मंजूर झाला आणि २०२३-२४ च्या हंगामात बरी एफसी या नावाने संघ गिग लेनवर परतला.

या कथेतून मी जे घेतो ते असे. पहिल्या मतदानात बहुमत असूनही प्रस्ताव पडला, तो निकाल मानला गेला आणि पुन्हा बोलणी झाली. मतांचा उंबरठा खाली आणण्याची किंवा अल्पमताला बाजूला सारून पुढे जाण्याची घाई झाली असती, तर कागदावर विलीनीकरण झाले असते आणि स्टँडमध्ये फूट कायम राहिली असती. शिवाय, २०१९ मध्ये कोणाची वाट योग्य होती या प्रश्नाचे उत्तर न शोधताही ते लोक एकत्र येऊ शकले. आज मैदानही आहे आणि संघही आहे, कारण दोघांनी आपापला अर्धा भाग सांभाळला होता.

ठरलेला नियम : परत येणाऱ्या कोणालाही तो का गेला होता हे विचारले जाणार नाही आणि थांबलेल्या कोणालाही तो का थांबला याचे स्पष्टीकरण द्यावे लागणार नाही. हा नियम दोन्ही गटांच्या बैठकीत वाचून दाखवला. ज्येष्ठांपैकी एकाने नाराजी नोंदवायला सांगितली. ती येथे नोंदवत आहे, कारण त्यांचा त्याग खरा आहे आणि त्याची कुठेतरी लेखी दखल असली पाहिजे.

१९ जून

तिसऱ्या गटाशी संपर्काचे काम सुरू झाले. जुन्या सीझन तिकिटांच्या यादीवरून, ज्यांनी नूतनीकरण केले नाही त्यांना स्वयंसेवक फोन करत आहेत. तिकीट विकायचे नाही, फक्त कारण विचारायचे, अशी सूचना आहे. आतापर्यंतची कारणे अगदी साधी आहेत : सोबत येणारा मित्र येईनासा झाला, सामन्याची वेळ बदलली, मूल झाले, वयामुळे पायऱ्या चढवत नाहीत. ‘कोणी विचारलेच नाही’ हे कारण इतक्या वेळा आले की फोन हाच उपाय ठरतो की काय, असे वाटू लागले आहे.

पुढील महिन्याच्या श्रमदानाच्या निमंत्रणात कोणत्याही गटाचे नाव नसेल. मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांसमोर एक धावणारा माणूस घसरून पडल्याचा बनाव केला होता. आपण युनायटेडचे चाहते आहोत याची आठवण आधी करून दिली असता त्यांनी मुख्यतः युनायटेडची जर्सी घातलेल्याला मदत केली. आपण फुटबॉलप्रेमी आहोत याची आठवण करून दिली असता प्रतिस्पर्धी लिव्हरपूलची जर्सी घातलेल्यालाही तितक्याच तत्परतेने हात दिला. माणसे तीच होती, त्यांना कोणत्या नावाने हाक मारली एवढाच फरक होता. आमच्या निमंत्रणात हाक फक्त क्लबच्या नावाने असेल.

२८ जून

हिशेबाची खुली सभा झाली. खजिनदारांनी क्लबचा ताळेबंद पडद्यावर दाखवला आणि एकेक ओळ समजावून सांगितली. हे काम प्रकल्पात सर्वांत कंटाळवाणे ठरेल असे अनेकांनी बजावले होते. प्रत्यक्षात सभा ठरलेल्या वेळेपेक्षा कितीतरी लांबली आणि लोक उठले नाहीत.

लहान क्लबचे अर्थकारण मोठ्या क्लबच्या उलट असते, हे अनेक समर्थकांना प्रथमच आकड्यांत दिसले. वरच्या पातळीवर प्रक्षेपणाचे पैसे प्रेक्षकांच्या तिकिटांपेक्षा कितीतरी जास्त असतात. खाली आमच्यासारख्या क्लबला प्रक्षेपणातून जवळजवळ काही मिळत नाही, आणि प्रवेशद्वारावरची वसुली, सभासद वर्गणी, सामन्याच्या दिवशीची विक्री, स्थानिक प्रायोजक आणि क्वचित एखाद्या खेळाडूची विक्री यांवर वर्ष निभावते. त्यातही प्रायोजक स्टँडमधली गर्दी पाहूनच फलकासाठी पैसे देतो. त्यामुळे एक समर्थक गळला की क्लबचे नुकसान त्याच्या तिकिटापुरते राहत नाही. बहिष्काराची किंमत आणि उपस्थितीचे मोल, दोन्ही एकाच पडद्यावर दिसले, आणि त्यावर कोणत्याही गटाने दुसऱ्याला टोमणा मारला नाही हे मला फार मोलाचे वाटले.

आकडे खुले केल्यावर समर्थक किती भार उचलू शकतात याची उदाहरणे थोडी नाहीत. एक्झिटर सिटी या इंग्लंडमधील क्लबचा संघ २००३ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून खाली घसरला, क्लब कर्जात बुडालेला होता आणि समर्थकांच्या न्यासाने तो ताब्यात घेतला. जानेवारी २००५ मध्ये एफए कपच्या सामन्यात त्या संघाने ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या घरच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेडला ०-० असे रोखले आणि त्या सामन्याच्या व फेरसामन्याच्या उत्पन्नाने कर्जाचा मोठा भार हलका केला. लोक हा सामना नशिबाचा म्हणून सांगतात. माझ्या मते नशीब येईपर्यंत क्लब जिवंत ठेवणारे समर्थक हा त्या कथेचा खरा भाग आहे. एएफसी विम्बल्डन या समर्थकांच्या मालकीच्या क्लबचे उदाहरण आम्हाला आणखी जवळचे आहे, कारण तेथे प्रश्न समर्थकांच्या आपसातल्या मतभेदाचा होता. नव्या मैदानाच्या बांधकामात पैसे कमी पडले तेव्हा बाहेरच्या गुंतवणूकदारांना हिस्सा द्यावा की नाही यावर मालक असलेल्या समर्थकांत तीव्र वाद झाला. २०२० मध्ये समर्थकांनीच रोख्यांच्या रूपाने ५० लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली आणि त्याच वर्षी संघ प्लाउ लेन या आपल्या जुन्या मैदानाच्या परिसरात परतला. वाद जिंकण्याऐवजी त्यांनी तिसरा पर्याय शोधला आणि त्यासाठी मेहनत घेतली.

सभेत ठरले की दर तीन महिन्यांनी आकडे याच पद्धतीने मांडले जातील, वाईट असले तरीही. विशेषतः वाईट असले तर.

६ जुलै

गोलमागच्या स्टँडच्या दुरुस्तीचे श्रमदान झाले. गंजलेले कठडे घासून रंगवणे, मोडक्या आसनांचे नट बदलणे, पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा देणे आणि व्हीलचेअरसाठीचा उतार मोकळा करणे अशी कामे होती. कठड्याचे वेल्डिंग आणि विजेचे काम परवानाधारकांकडेच दिले आहे. उत्साहाच्या भरात सुरक्षेत तडजोड होऊ नये असे अभियंत्यांनी स्पष्ट सांगितले होते.

बर्लिनच्या युनियन क्लबच्या समर्थकांनी २००८-०९ मध्ये आपले जुने स्टेडियम स्वतःच्या हातांनी नव्याने उभारले, हे फुटबॉल जगतात सर्वांना ठाऊक आहे. दोन हजारांहून अधिक लोकांनी सुमारे १ लाख ४० हजार तास काम केले. पण त्यामागची वर्षे फारशी सांगितली जात नाहीत. त्याच समर्थकांनी २००४ मध्ये क्लबचा परवाना टिकवण्यासाठी रक्तदानाची मोहीम राबवली होती आणि मिळालेला मोबदला क्लबला दिला होता. त्याच्या आदल्या वर्षी नाताळाच्या सुमारास ८९ समर्थक न विचारता रिकाम्या स्टेडियममध्ये शिरून एकत्र गायले होते. आज त्या गायनाला पूर्ण स्टेडियम भरते. म्हणजे सिमेंट कालवण्याआधी एकमेकांसाठी काही करण्याची सवय तेथे लागलेली होती. आमच्याकडे ती सवय तुटलेली आहे, म्हणून एका दिवसाच्या श्रमदानाकडून मी फार मोठी अपेक्षा ठेवली नव्हती.

जोड्या लावताना एक काळजी घेतली. जेथे एकट्याने काम होऊच शकत नाही अशी कामे दोन्ही गटांच्या माणसांना मिळून दिली. मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत मुलांच्या शिबिरात केलेल्या प्रयोगाची मांडणी मला येथे उपयोगी वाटली : भांडणाऱ्या दोन गटांना नुसते शेजारी बसवून एकत्र जेवू घातल्याने वैर कमी झाले नाही, पण बंद पडलेला पाणीपुरवठा किंवा अडकलेला ट्रक अशा, एका गटाला न झेपणाऱ्या अडचणी मिळून सोडवाव्या लागल्या तेव्हा ते हळूहळू ओसरले. लांब आसनपट्टी काढताना एकाला वरून धरावी लागते आणि दुसऱ्याला खालून नट फिरवावा लागतो. धरणाऱ्याने हात सोडला तर दुसऱ्याच्या बोटांवर येते. सकाळी एकमेकांशी न बोलणारी माणसे दुपारपर्यंत निदान ‘धर’, ‘सोड’, ‘जरा डावीकडे’ एवढे तरी बोलू लागली. यापेक्षा अधिक काही झाले असा दावा मी करणार नाही, परंतु दोन हंगामांत एवढेही झाले नव्हते.

१४ जुलै

कर्णधार आणि प्रशिक्षक समर्थकांना भेटले. भाषणे नव्हती. खेळाडूंनी सांगितले की रिकाम्या स्टँडसमोर खेळताना चुकलेला पास स्वतःलाच मोठ्याने ऐकू येतो. मे २०२० मध्ये जर्मनीतील बुंडेसलिगा ही सर्वोच्च साखळी प्रेक्षकांविना सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीच्या ९ सामन्यांपैकी फक्त १ सामना यजमान संघाने जिंकला होता, याची आठवण प्रशिक्षकांनी करून दिली. एका फेरीवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण त्या काळाचा पुढे जो अभ्यास झाला त्यातही घरच्या मैदानाचा फायदा घटल्याचेच दिसले. पाहुण्या संघाच्या खेळाडूंना यजमानांपेक्षा जास्त कार्डे दाखवण्याचा पंचांचा कलही प्रेक्षक नसताना कमी झाला होता.

२३ जुलै

समर्थक सनदेचा मसुदा तयार झाला. तो तयार करणाऱ्या समितीत दोन्ही गटांचे समान प्रतिनिधी आहेत आणि तिसऱ्या गटातून, फोनवर बोलताना ज्यांनी तयारी दाखवली, असे काहीजण आहेत. या शेवटच्या लोकांनी समितीचा सूर बदलला. त्यांना जुन्या भांडणात रस नव्हता. सामन्याची वेळ किती दिवस आधी कळेल, असे प्रश्न ते विचारत राहिले आणि मसुदा जमिनीवर आला.

मसुद्याचा गाभा असा : क्लबचे नाव, बोधचिन्ह, मुख्य रंग आणि मैदान या चार गोष्टींत सभासदांच्या मतदानाशिवाय बदल होणार नाही. बाकी सर्व कामकाज, म्हणजे संघनिवड, प्रशिक्षकाची नेमणूक, खेळाडूंची खरेदी-विक्री, हे कार्यकारिणी आणि प्रशिक्षकांकडेच राहील. तरुण गटाला प्रशिक्षकाच्या नेमणुकीवरही मत हवे होते. त्यावर बरीच चर्चा झाली आणि मी विरोधात बोललो. एका पराभवाच्या रात्री घेतलेला कौल कोणत्याही प्रशिक्षकाला न्याय देणार नाही. मसुद्यात ती मागणी आली नाही.

मालकीच्या रचनेवरही चर्चा झाली. जर्मनीत १९९८ पासून लागू असलेल्या ५०+१ नियमानुसार व्यावसायिक क्लबमध्ये मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहावे लागते, आणि तसेच काही येथे आणावे असे काहींनी सुचवले. तत्त्व मला मान्य आहे. पण नियमाचा देह पाळून आत्मा टाळता येतो हेही त्याच देशात दिसले आहे : आरबी लाइपझिग या क्लबने मतदानाचा अधिकार असलेले सभासद मोजकेच ठेवले आणि नियम तांत्रिकदृष्ट्या पाळला. उलट बाजूने पाहता, संपूर्ण मालकी समर्थकांकडे असली तरी सलोखा आपोआप येत नाही. मँचेस्टर युनायटेडच्या मालकी बदलाला विरोध म्हणून २००५ मध्ये उभा राहिलेला एफसी युनायटेड हा सभासदांचा क्लब आहे, तरीही २०१६ मध्ये तेथे सभासद आणि पदाधिकारी यांच्यातील मतभेद इतके वाढले की प्रमुख पदांवरील लोकांना पायउतार व्हावे लागले. रचना आवश्यक आहे, पण माहिती वेळेवर देण्याची आणि विरोधी मत शांतपणे ऐकण्याची रोजची शिस्त नसेल तर कोणतीही रचना टिकत नाही.

मतांच्या उंबरठ्याबाबत शेवटपर्यंत एकमत होत नव्हते. साधे बहुमत ठेवले तर एखाद्या गर्दीच्या दिवशी क्लबचे नाव बदलू शकते. तीन चतुर्थांश ठेवले तर आवश्यक बदलही अडकतो. दोन तृतीयांश ठरले, आणि त्यासोबत प्रस्ताव पडल्यास तोच प्रस्ताव पुढच्या हंगामापर्यंत पुन्हा मांडता येणार नाही अशी तरतूद जोडली, जेणेकरून हरलेल्या बाजूला विचार करायला आणि जिंकलेल्या बाजूला श्वास घ्यायला वेळ मिळेल.

२ ऑगस्ट

उभ्याने सामना पाहणाऱ्या गटाच्या जागेचा प्रश्न सुटला. सुरक्षेचा जो नियम दोन वर्षांपूर्वी तोंडी सांगितला गेला होता तो शोधला असता, तो त्या स्टँडच्या केवळ वरच्या भागाला लागू असल्याचे आढळले. खालचा भाग, कठड्यांची तपासणी झाल्यानंतर आणि कमाल संख्या ठरवून, उभ्याने पाहण्यासाठी मोकळा करता येतो. तपासणीचा अहवाल स्टँडच्या प्रवेशाजवळ लावला आहे.

जागेबरोबर जबाबदारीही लेखी ठरली. फटाके आणि धूर नाही, मैदानात वस्तू फेकणे नाही, आणि खेळाडूच्या जात, वंश, धर्म, लिंग किंवा शरीरावरून घोषणा दिली गेल्यास गटाने स्वतः ती थांबवायची. त्यांच्या बाजूला बसणाऱ्या कुटुंबांची तक्रार ढोलाच्या आवाजाची होती. ढोल छताखाली मागच्या भिंतीशी ठेवला तर आवाज मैदानाकडे जातो आणि शेजारच्या आसनांना कमी त्रास होतो असे एका सभासदाने सुचवले आणि सरावाच्या वेळी ते करून पाहिले. फरक पडला.

१० ऑगस्ट

हंगामातला घरचा पहिला सामना बरोबरीत सुटला. गोलमागचा स्टँड दोन हंगामांनंतर भरलेला पाहताना मला मनापासून आनंद झाला आणि तो लपवण्याचे कारण नाही. तरीही नोंद अचूक असावी म्हणून लिहितो की दोन्ही गट आपापल्या घोषणा देत होते आणि पहिल्या अर्धात एकाचा आवाज दुसऱ्यावर चढवण्याचा प्रयत्न सतत चालू होता. दुसऱ्या अर्धात गोल स्वीकारल्यानंतर क्लबच्या नावाची सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी घोषणा मुख्य स्टँडमधून सुरू झाली आणि ती गोलमागून उचलली गेली. ती कोणी ठरवली नव्हती. बरोबरीचा गोल त्यानंतर बऱ्याच वेळाने झाला, त्यामुळे घोषणेमुळे गोल झाला असे म्हणण्याचा मोह टाळतो.

फोन केलेल्या लोकांपैकी किती आले हे प्रवेशद्वारावर मोजले नाही. त्यांना आपण मोजले जात आहोत असे वाटू नये, हे त्यामागचे कारण.

२५ ऑगस्ट

बाहेरच्या मैदानावर मोठा पराभव झाला आणि रात्री आमच्या गोलरक्षकाला समाजमाध्यमांवर अत्यंत घाणेरड्या शब्दांत शिवीगाळ झाली. मजकूर लिहिणारे दोन्ही गटांत होते. सकाळी दोन्ही गटांच्या प्रमुखांनी एकच निवेदन संयुक्त सहीने काढले आणि संबंधितांना मजकूर काढायला लावला. गोलरक्षकाला ते स्वतः जाऊन भेटले. दोन्ही गटांचे हे पहिले संयुक्त पत्रक आहे. ते काढा असे क्लबने त्यांना सांगितले नव्हते.

७ सप्टेंबर

काल विशेष सर्वसाधारण सभेत सनद दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी मंजूर झाली. मतमोजणीला दोन्ही गटांचे आणि तिसऱ्या गटाचे प्रतिनिधी बसले आणि तिघांनी निकालपत्रावर सह्या केल्या.

त्यानंतर, सनदेच्या नियमानुसार, बोधचिन्हावर मतदान झाले. जुने चिन्ह परत आणण्याच्या प्रस्तावाला स्पष्ट बहुमत मिळाले, पण दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत. प्रस्ताव पडला. सभागृहात काही क्षण गोंधळ झाला आणि तरुण गटातील काहीजण उठून बाहेर गेले. त्यांच्याच प्रमुखाने व्यासपीठावर येऊन सांगितले की हा उंबरठा आपण समितीत स्वतः मान्य केला होता आणि पुढच्या हंगामात प्रस्ताव पुन्हा आणू, तोपर्यंत ज्यांनी विरोधात मत दिले त्यांना भेटू. विरोधात मत देणाऱ्यांत जुन्या संघटनेचे ते ज्येष्ठही होते ज्यांची नाराजी १५ जूनला नोंदवली आहे. ते म्हणाले की जुने चिन्ह त्यांनाही प्रिय आहे, पण या दोन हंगामांत ज्या मुलांनी प्रथमच मैदान पाहिले त्यांच्यासाठी नवे चिन्ह हेच क्लबचे चिन्ह आहे, आणि त्यांना कोणी विचारले आहे का? हा मुद्दा आतापर्यंत एकाही बैठकीत आला नव्हता. सनदेत मतदानाचे किमान वय ठरवताना तो पुन्हा घ्यावा लागेल.

पुढील कामे : किमान वयाच्या कलमावर दुरुस्तीचा मसुदा, समितीवर समर्थकांच्या दोन निवडून आलेल्या प्रतिनिधींची जागा, तिमाही हिशेब सभेची तारीख, आणि उरलेल्या यादीतील फोन. यादीचा मोठा भाग अजून बाकी आहे. काल बाहेर गेलेल्यांपैकी दोघांनी आज सकाळी त्यातला आपला वाटा मागून घेतला आहे आणि त्यांना आडनावांच्या क्रमाने शेवटची पाने दिली आहेत.